गादी उचलून बघितल्याशिवाय नाही

हिवाळ्यातही कॅम्पिंगला जाता यावं म्हणून गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा ट्रेलर आम्हाला घ्यायचा होता. आम्ही एकूण अकरा ट्रेलर पाहिले. पहिल्या तिन्हींत मी शेगडी केवढी, कपाटं किती, बेडवर दोघांना नीट पाय पसरता येतील का, एवढंच बघितलं. चौथा कॅनडातल्या रेड डिअर शहराबाहेर एका शेतावर उभा होता. मालक वयस्कर, सज्जन गृहस्थ. त्यांनी किल्ली आमच्या हातात दिली आणि ते गुरांकडे गेले. आत पाय ठेवल्याबरोबर एक वास आला आणि मी दारातच थांबले. तो वास माझ्या ओळखीचा होता. कुडाळला आमच्या घरी श्रावणात जरा उघडीप मिळाली, की आई लाकडी कपाट उघडून सगळे कपडे खळ्यात उन्हाला घालायची. तेव्हा कपाटातून जो वास बाहेर यायचा, तोच हा.

मी सरळ बेडपाशी गेले आणि गादीचा कोपरा उचलला. खालच्या प्लायवूडवर, नेमकी दोन माणसं झोपतील एवढ्या जागेत, काळे ठिपके पसरले होते. खांदे कुठे टेकत असतील, पाय कुठे येत असतील, तेसुद्धा कळत होतं. भिंतीकडच्या कडेला अंगठा दाबला तर प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं.

"अहो, इकडे या जरा," मी हाक मारली. "याला ओलीने खाल्लंय."

हे मूळचे सोलापूरचे. तिकडे पाऊस पडून गेला की दोन तासांत अंगण कोरडं. ओल घरात मुक्कामाला येऊन राहते हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्या माहेरी कळलं, जेव्हा त्यांच्या चामड्याच्या पट्ट्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी चढली. त्या शेतावर त्यांनी वाकून प्लायवूड पाहिलं आणि खिशातली वही काढली. वहीत तोवर वजन, लांबी आणि किंमत असे तीन रकाने होते. त्यांनी चौथा पाडला आणि वर लिहिलं, 'ओल'. पुढचे चार महिने आमची सगळी निवड त्या चौथ्या रकान्यावर झाली.

आम्हाला कॅल्गरीत अठरा वर्षं झाली. इथे ऑक्टोबरात बर्फ पडतो आणि एप्रिलातही पडतो. मुलं शाळेत होती तोवर कॅम्पिंग म्हणजे फक्त जुलै-ऑगस्ट. त्या दिवसांत बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानात तळ ठोकायला जागा मिळणं किती कठीण आहे ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही मुलं शिकायला बाहेर पडली, तेव्हा ह्यांनी विचारलं, "अगं, वर्षातले सहा महिने आपण खिडकीतून बाहेर बघत का घालवायचे?" ह्यांना तारे बघण्याची मनापासून आवड. डिसेंबरच्या शेवटी इथे साडेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी साडेआठनंतर उगवतो, म्हणजे आकाश सोळा तास तुमचं. मला बर्फातली शांतता आवडते. ताजा बर्फ पडल्यावर जंगलात जो आवाज ऐकू येत नाही, तो मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

सुरुवात तंबूनेच केली होती. ऑक्टोबरच्या शेवटी कॅल्गरीजवळच्या डोंगरांत, कननास्किसमध्ये दोन रात्रींच्या बेताने गेलो. पहिल्या पहाटे उणे अकरा होतं. स्लीपिंग बॅग चांगल्या होत्या, थंडी मी निभावली. पण आमच्याच श्वासाचं पाणी तंबूच्या आतल्या कापडावर गोठलं होतं, आणि ह्यांनी कूस बदलली की ते चेहऱ्यावर भुरभुरायचं. उजाडेपर्यंत दोन्ही बॅग वरून ओल्या. दुसऱ्या रात्री त्या ओल्या बॅगेत शिरायची माझी तयारी नव्हती आणि आम्ही परत आलो. परतताना गाडीतच ठरलं: पक्क्या भिंतींचा, दोघांपुरता, छोटा ट्रेलर घ्यायचा.

गाडी मात्र बदलायची नव्हती. आमची २०१५ ची टोयोटा हायलँडर, ओढण्याची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे २,२६८ किलो. इथे बहुतेकांची एक चूक होते आणि आमचीही होणार होती. जाहिरातीत ट्रेलरचं जे वजन लिहिलेलं असतं ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात बॅटरी, भरलेले सिलिंडर, पाणी, अंथरूण-पांघरूण, भांडी यांपैकी बरंच काही धरलेलं नसतं. हिवाळ्यात तर फावडं, साखळ्या, जाड कपडे, जास्तीचा गॅस असं सामान आणखी वाढतं. शिवाय ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतात तिथे, तुमच्या गाडीच्या मागच्या अंगावर येतो. त्याहून कमी आला तर ट्रेलर वाऱ्यात शेपटीसारखा हलायला लागतो. आणि हा भार गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या वाहण्याच्या मर्यादेत मोजावा लागतो, तुमच्या-आमच्या वजनासकट. आम्ही हिशोब मांडला आणि स्वतःला मर्यादा घातली: सगळं सामान भरून ४,००० पौंडांच्या आत. त्या एका ओळीने बाजारातले निम्म्याहून जास्त ट्रेलर बाद झाले.

मग ओलीचा अभ्यास सुरू झाला. अभ्यास हाच शब्द बरोबर आहे, कारण ह्यांनी रोज संध्याकाळी जेवणानंतर तासभर याच्यावर घालवला.

झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. घरात ते कळत नाही, कारण घर मोठं असतं. सतरा फुटांच्या डब्यात मात्र ते पाणी जाणार कुठे? हवा २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर ९ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या प्रत्येक जागी पाणी धरतं. खिडकीची चौकट, भिंतीतला लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, कपाटाच्या आतला कोपरा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गादीखाली. वरून अंगाची ऊब आणि ओलावा गादीतून खाली झिरपत असतो, खालचा पाट बाहेरच्या थंडीने गार पडलेला असतो, आणि दोघांच्या मध्ये हवा खेळत नाही. ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावर ९ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहिला आणि तीसेक डॉलरचं एक थर्मामीटर आणलं. पिस्तुलासारखं धरायचं, भिंतीवर नेम धरायचा, की त्या जागेचं तापमान दिसतं.

ते घेऊन आम्ही जानेवारीत शहरातल्या एका डीलरकडे गेलो. बाहेर उणे अठरा. ट्रेलर कोरा, सुंदर, दाराशेजारी 'फोर सीझन', म्हणजे बाराही महिने वापरता येणारा, असं चमकदार अक्षरांत लिहिलेलं. विक्रेता मुलगा मनमिळाऊ होता. आम्ही येणार म्हणून त्याने सकाळपासून आत फर्नेस, म्हणजे ट्रेलरमधली गरम हवा फेकणारी गॅसची भट्टी, लावून ठेवला होता, त्याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे. आत मस्त ऊब होती. ह्यांनी बेडशेजारच्या भिंतीवर नेम धरला: १४. चांगलं. मग त्याच भिंतीवर हात-दोन हात सरकत गेले, आणि जिथे आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असणार तिथे आकडा घसरला: ६. खिडकीच्या चौकटीवर २. बेडच्या डोक्याकडच्या खालच्या कोपऱ्यात ५. मी कोपऱ्यात बोट फिरवलं, बोट ओलं झालं. आत रात्रभर कुणी झोपलेलं नव्हतं, नुसती फर्नेसची गरम हवा आणि येणारी-जाणारी चार माणसं, तरी ओलं.

'फोर सीझन' या शब्दांना कुठलंही सगळ्यांनी मान्य केलेलं मोजमाप नाही. कुणी पोटाखाली चंदेरी फॉइलचा थर देतं आणि हे लिहितं, कुणी पाण्याच्या टाकीला विजेची गरम पट्टी लावतं आणि हे लिहितं. कुणी खरोखर भिंत जाड करतं, तेही हेच लिहितं. विकत घेणाऱ्याला बाहेरून फरक कळत नाही. मला याचा खरंच राग येतो. उणे पंचवीसच्या रात्री लहान मुलांना घेऊन कुणीतरी त्या दोन शब्दांच्या भरवशावर जंगलात जाणार असतं.

बाजूला सरकून खोली मोठी करणारे स्लाइड-आउट आम्ही लगेच सोडून दिले. वजन वाढतं, आणि त्यांच्या रबरी कडांवर बर्फ धरला की आत घेताना फाटायची भीती. दोन माणसांना त्याची गरजही नव्हती.

आता फायबरग्लासकडे कसे वळलो ते सांगते. कॅनडात या ट्रेलरांचा इतिहास मोठा लोभस आहे. १९६८ साली विनिपेगमध्ये रे ओलेको नावाच्या माणसाने 'बोलर' नावाचा तेरा फुटी फायबरग्लासचा ट्रेलर बाजारात आणला. फायबरग्लासच्या सेप्टिक टाकीवरून त्याला ही कल्पना सुचली होती. वजन हजार पौंडांच्या आत, आकार गोल टोपीसारखा, नावही त्या टोपीवरूनच. वरचा आणि खालचा असे दोनच साचे, कमरेशी जोडलेले. मला ते बघून नारळाच्या दोन करवंट्या आठवल्या. महत्त्वाची गोष्ट अशी, की छताला सांधा नाही. नेहमीच्या ट्रेलरचं छत, भिंती, कोपरे वेगवेगळ्या तुकड्यांचे असतात, आणि प्रत्येक सांध्यावर लावलेला सीलंट थंडी-उन्हात आकुंचन-प्रसरण होऊन कधी ना कधी भेगाळतोच. तिथून पाणी आत शिरतं, लाकडी सांगाडा वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतो, आणि बाहेरून पत्रा चकचकीत दिसत राहतो. करवंटीला अशा सांध्यांची भीती फार कमी.

एक जुना बोलर आम्ही प्रत्यक्ष पाहिला, बाहेर नारिंगी पट्टा, आत पडदे नव्याने शिवलेले. माझा जीव गुंतला होता त्याच्यात. पण ह्यांनी वही पुढे केली आणि ते बरोबर होते. फायबरग्लास पाणी अडवतो, थंडी अडवत नाही. त्या ट्रेलरच्या कवचाला आतून पातळ अस्तर आणि खिडक्यांना एकेरी काच. हिवाळ्यात तो आतून घामेजणारच. म्हणजे आम्हाला करवंटी हवी होती, पण आत फोमचा चांगला थर असलेली, आणि दुहेरी काचेची.

ब्रिटिश कोलंबियात असे ट्रेलर बनवणारे दोन कारखाने नावाजलेले आहेत, चिलिवॅकचा एस्केप आणि आर्मस्ट्राँगचा बिगफूट. बिगफूटच्या भिंतीत दीड इंच घट्ट फोम असतो. नवा घेणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून जुन्याच्या मागे लागलो. असे ट्रेलर विकायला आले की दोन दिवसांत जातात. तीनदा आम्ही फोन करेपर्यंत गेलेले होते.

मधल्या काळात उष्णतेचा प्रश्न सोडवला. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने सांगितलं होतं, की फर्नेसची कटकट नको, प्रोपेन गॅसवर चालणारा छोटा हीटर आत ठेवा, काम होतं. आम्ही ते केलं नाही, आणि करू नये असं मला कळकळीने सांगायचं आहे. उघड्या ज्योतीचा किंवा जाळीवर तापणारा हीटर जळलेला सगळा वायू आतच सोडतो. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. जे पाणी बाहेर काढण्यासाठी आपण धडपडतो, तेच दुप्पट-तिप्पट आत ओतायचं. आणि तो प्राणवायूही आतलाच खातो, बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइडचा धोका. ट्रेलरच्या फर्नेसला जळण्यासाठी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. आतली हवा फक्त गरम पत्र्यावरून फिरून येते, कोरडी. ट्रेलर घेतल्यावर पहिलं काम म्हणून आम्ही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नवा बसवला. जुन्यावर मुदत छापलेली असते, ती संपली की त्याच्या लाल-हिरव्या दिव्यावर भरवसा ठेवू नये.

गॅसबद्दल भारतातल्या वाचकांना एक गोष्ट रंजक वाटेल. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचं थांबतो. इथल्या थंडीत तो सिलिंडरमध्ये नुसता द्रव म्हणून बसून राहील. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो, म्हणून इथे तोच. पण उणे तीसच्या खाली त्याचाही जोर कमी होतो, आणि सिलिंडर तळाला आलेला असेल तर फर्नेसला पुरेसा दाब मिळत नाही. म्हणून हिवाळ्यात आम्ही अर्धा सिलिंडर घेऊन कधीच निघत नाही. ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकाला, २० पौंडांचे, म्हणजे नऊ किलोंचे दोन सिलिंडर असतात. एका सिलिंडरवर ताशी १६,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस सलग सत्तावीस तास चालतो. निम्मा वेळ चालू, निम्मा बंद धरला तर सव्वादोन दिवस.

फर्नेसला गॅस पुरतो, पण त्याच्या पंख्याला बॅटरी लागते, आणि खरी अडचण तिथे आहे. पंखा चारेक अँपिअर घेतो. सोळा तासांच्या रात्रीत आठ तास चालला तर बत्तीस अँपिअर-तास गेले. शंभराची साधी शिशाची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी असा दंडक, आणि उणे अठराच्या आसपास तिची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणजे हातात उरले पंचवीस. पहाटेच पंखा बंद! लिथियमची बॅटरी हलकी आणि दमदार, पण ती शून्याखाली चार्ज करायची नसते, खराब होते, म्हणून ती बाहेर नाकावर न ठेवता आत बाकाखाली ठेवावी लागते. आम्ही लिथियम घेतली, आत ठेवली, आणि तरीही पहिल्या वर्षी फक्त वीज असलेल्या जागांवरच जायचं ठरवलं.

मार्चमध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या व्हर्ननहून एक जाहिरात दिसली. २००६ चा बिगफूट, साडेसतरा फुटी, निवृत्त जोडप्याचा. ह्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. साधारण साडेपाचशे किलोमीटर, मध्ये रॉकी पर्वत. रॉजर्स पास या १,३३० मीटर उंचीच्या खिंडीत हिमस्खलन टाळण्यासाठी रस्ता मध्येच बंद करतात आणि साचलेला बर्फ तोफा डागून मुद्दाम खाली पाडतात. तोफा खऱ्या, सैन्याच्या. आमची गाडी रांगेत पाऊण तास उभी होती. तेवढ्या वेळात मी डबा उघडला आणि आम्ही दोघांनी थेपले-लोणचं खाल्लं.

व्हर्ननच्या आजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी चहा विचारला, मी आधी गादी बघू का म्हणून विचारलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग स्वतःच आत जाऊन गादी भिंतीला टेकवून उभी केली. म्हणाल्या, मी दर वसंतात हेच करते. खालचा पाट फिकट पिवळा, कोरडा. एका कडेला कारखान्यातल्या सुताराची पेन्सिलची खूण अजून होती, एक बाण आणि एक आकडा. अठरा वर्षांत ती पुसली गेली नव्हती. ह्यांनी ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया पाटात, मग खिडकीखाली, मग कपाटाच्या मागे टोचल्या. सगळीकडे ९ ते ११ टक्के. एका खिडकीच्या दोन काचांमध्ये धुकं धरलं होतं, म्हणजे तिचं सील गेलेलं. ते आजींनीच आधी दाखवलं. तेवीस हजार डॉलर मागितले होते, साडेएकवीस हजारांवर सौदा झाला. पैसे दिल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि कपाटातला एक छोटा खण दाखवला, तिथे त्या पावसाळी बूट ठेवायच्या. "इथे बूट ओले ठेवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

परत येताना वजनकाट्यावर थांबलो. आमचं थोडं सामान धरून ३,५६० पौंड. ह्यांचा चेहरा उजळला.

उन्हाळ्यात आम्ही त्याला आमच्यासाठी तयार केलं. गादीखाली हवा खेळावी म्हणून ह्यांनी प्लायवूडवर दोन-दोन इंचांवर लाकडी पट्ट्या ठोकल्या. त्याच्यावर मी काथ्याची चटई घातली. इथे दारातल्या पायपुसण्यांसाठी काथ्याची गुंडाळी मिळते, ती बेडच्या मापाने कापून घेतली. लहानपणी सुंभाच्या खाटेवर झोपलेलं माणूस आहे मी. खालून हवा लागते म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

पाण्याचा प्रश्न आम्ही सोप्यात सोडवला. या ट्रेलरच्या टाक्यांपर्यंत फर्नेसची गरम हवा पोहोचते, पण विजेचा हीटर लावला की फर्नेस कमी चालतो आणि टाक्या गारठतात. आत उबदार वाटतं आणि खाली नळ्या गोठतात. हिवाळ्यात आम्ही नळ वापरतच नाही. नळ्यांमध्ये विनाविषारी गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवतो, पिण्याचं पाणी पाच लिटरच्या कॅनमधून, अंघोळ कॅम्पग्राउंडच्या गरम शॉवरला.

स्वयंपाकावर मात्र आमची थोडी बोलाचाली झाली. मला कुकर हवाच होता. वरण-भाताशिवाय तीन दिवस डोंगरात मी राहणार नाही. पण कुकरची प्रत्येक शिट्टी म्हणजे भिंतीवर पाणी. शेवटी असं ठरलं: भात-वरण घरूनच शिजवून, गोठवून न्यायचं आणि झाकण ठेवून गरम करायचं. फोडणी बाहेरच्या शेगडीवर. चहा आत, पण छताची झडप चार बोटं उघडून. बाहेर उणे वीस असताना झडप उघडायची हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण बाहेरची थंड हवा अतिशय कोरडी असते. थोडी ऊब गेली तर फर्नेस ती भरून काढतो, ओल भरून काढायला काहीच नसतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बॅन्फला गेलो. टनेल माउंटन व्हिलेज टू हे कॅम्पग्राउंड वर्षभर चालू असतं आणि तिथे जागेवर वीज मिळते. पूर्ण ओळीत आमच्याशिवाय तीन ट्रेलर. ह्यांनी दिवे मालवले, दुर्बीण घेतली आणि रंडल पर्वताच्या वर मृग नक्षत्र दाखवलं. व्याध इतका स्वच्छ होता की तो लुकलुकताना रंग बदलत होता. मी दहा मिनिटं उभी राहिले आणि आत आले, ते तासभर बाहेर होते.

रात्री फर्नेस लागायचा, थांबायचा, लागायचा. पहिल्या दोन वेळा जाग आली, मग त्या आवाजाची सवय झाली. झडप दोन बोटं उघडी होती आणि तिच्यातून येणारी थंड धार मला गालावर जाणवत होती. ह्यांचे पाय गार पडले होते म्हणून त्यांनी रात्री मोजे घातले. बाकी आम्ही दोघंही गाढ झोपलो.

सकाळी बाहेर उणे सत्तावीस, आत सोळा. मी डोळे उघडल्यावर आधी खिडक्या पाहिल्या. काचेच्या खालच्या कडेला बोटभर दव, धुकं धरलेल्या त्या एका खिडकीवर बर्फाची नक्षी. तिच्या चौकटीवर ह्यांनी नेम धरला: ४. ती काच बदलायची हे तिथेच ठरलं. मग मी गादी उचलली आणि पट्ट्यांच्या मधून हात घालून पाट चाचपला, डोक्याकडून पायाकडे. गार होता, पण कोरडा. पेन्सिलचा बाण तसाच.

मग बुटांच्या खणात हात घातला. तिथे मागच्या भिंतीवर पाणी होतं. आदल्या संध्याकाळी ह्यांनी बर्फाचे बूट तसेच आत ठेवले होते. मी काही बोलले नाही, फडकं आणलं. ह्यांनी बूट उचलून दाराशी वर्तमानपत्रावर ठेवले, खणाचं दार उघडं टाकलं, आणि वहीत चौथ्या रकान्यात लिहिलं: बूट दाराशी. खणाच्या दाराला वर-खाली भोकं पाडायची.